बोट कापल्यावरची दहा मिनिटं आणि पुढचे बारा महिने

माझ्या डाव्या हातावर दोन वण आहेत. एक तर्जनीच्या मधल्या पेरावर. नऊ वर्षांची असताना आजीच्या विळीवर कैरी चिरायचा हट्ट केला होता, त्याचा. चाळीस वर्षं होऊन गेली तरी तो पांढुरका आणि जाडसर आहे. चाचपला तर तांदळाची कणी कातडीखाली अडकल्यासारखी लागते. दुसरा वण अंगठ्याच्या बुडाशी. तीन वर्षांपूर्वी तेलाचा डबा फोडताना पत्र्याची धार लागली, त्याचा. ही जखम पहिलीच्या जवळजवळ दुप्पट लांब होती, पण वण दाखवायचा तर हात खिडकीपाशी नेऊन तिरका धरावा लागतो.

यात वयाचा थोडा भाग आहेच. लहान आणि तरुण वयात कातडी वण जोमाने धरते. पण मोठा फरक पडला तो निगा राखण्यात. आजीने त्या वेळी चिमूटभर हळद जखमेत दाबून भरली, जुन्या धोतराची चिंधी बांधली आणि मला मांडीवर घेतलं. तिला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं तिने केलं. पुढे खपली धरली, ती मी शाळेच्या बाकावर बसून तीनदा उचकटली. दुसऱ्या वेळी मी काय केलं, ते या लेखात सांगते आहे.

वणावरची क्रीम विकत घ्यायला माणसं जखम भरल्यानंतर दोन महिन्यांनी औषधाच्या दुकानात जातात. तोवर बराचसा वण घडून गेलेला असतो. वण जखम भरता भरताच घडतो, आणि त्याच काळात आपल्या हातात सगळ्यात जास्त असतं.

कातडी स्वतःला रफू कशी करते

कातडीचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा खरचटला, तर वण राहत नाही; तो थर सतत नव्याने तयार होतच असतो. धार त्याखालच्या जाड थरात पोचली की मात्र शरीर मूळची वीण परत विणू शकत नाही. निरोगी कातडीत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे सुतळीच्या बाजेसारखे आडवेतिडवे गुंतलेले असतात. जखमेच्या जागी शरीर घाईने धागे टाकतं, आणि ते बरेचसे एकाच दिशेने पडतात. रफू केलेलं कापड लांबून सारखं दिसतं, पण बोट फिरवलं की जागा कळते, तसंच हे. त्या जागी केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथीही परत येत नाहीत. म्हणून वण गुळगुळीत आणि किंचित चकचकीत दिसतो.

याचं वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं. पहिले चार-पाच दिवस जागा लाल, गरम आणि जराशी सुजलेली राहते. शरीर तिथे साफसफाई करत असतं. एवढ्या लालीला घाबरायचं कारण नाही. त्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवं मांस आणि नवी कातडी तयार होते. पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त, टाकलेले धागे मोडून पुन्हा लावण्याचं काम आत चालू राहतं. दोन आठवड्यांनी जखम बाहेरून मिटलेली दिसते, तेव्हा त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, आणि त्यापुढे जात नाही. बोट बरं झालं म्हणून दहाव्या दिवशी आपण ओल्या चादरी पिळायला बसतो, तेव्हा आतल्या आत काय ताणलं जात असेल याचा अंदाज यावरून यावा.

आधी दाबा, मग धुवा

बोट कापलं की पहिला झटका नळाखाली धरण्याचा येतो. धुवायचं आहेच, पण रक्त जोरात येत असेल तर आधी दाब. स्वच्छ रुमाल, पंचाचं टोक, गॉजची घडी, जे हाताशी असेल ते जखमेवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरा. हात छातीच्या वर उचला. घड्याळात बघून दहा मिनिटं तसंच राहायचं. अवघड एवढंच आहे, की मध्ये उचलून बघायचं नाही. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून कापड उचललं, की नुकती धरू लागलेली रक्ताची गाठ सुटते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. नुसता कापूस मात्र नको. त्याचे तंतू जखमेत चिकटतात आणि काढताना रडवतात. आणि बोटात अंगठी असेल तर लगेच काढा. तासाभराने बोट सुजलं की ती निघत नाही.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ दाबावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबूनही धार लागलेलीच असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका. तसाच दाब ठेवून दवाखाना गाठा.

रक्त थांबलं की धुणं. मदत करणाऱ्याने आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. मग जखम नळाच्या धारेखाली पाच मिनिटं धरा. पाणी पिण्यालायक असलं की पुरे. उकळून गार केलेलं असेल तर उत्तमच. साबण आजूबाजूच्या कातडीला लावा, आत घालू नका. पाणी कोमट किंवा साधं असावं, आणि धार अशी असावी की आत अडकलेला कण वाहून जाईल.

कणांचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. मुलगा सायकलवरून डांबरी रस्त्यावर घसरतो, गुडघा सोलवटतो, आपण वरवर पाणी घालतो आणि मलम लावतो. जखम भरते, पण डांबराचे आणि खडीचे बारीक कण आत तसेच राहतात, आणि वरून नवी कातडी येते. मग तिथे निळसर काळा डाग उरतो, गोंदल्यासारखा. तो मलमाने जात नाही, उन्हाने जात नाही, वयानेही जात नाही. त्या दिवशी पाच मिनिटं जास्त धुतलं असतं, स्वच्छ ओल्या गॉजने हलकेच पुसून, स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने दोन-चार कण काढले असते, तर तो आलाच नसता. मूल ओरडतं, आपला जीव तुटतो, आणि म्हणून आपण हे टाळतो. टाळू नका. निघत नसतील तर डॉक्टर जागा बधिर करून काढतात.

आता ज्या गोष्टी जखमेत घालायच्या नाहीत त्यांच्याबद्दल. स्पिरिट, न मिसळलेलं जंतुनाशक, फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड हे सगळं झोंबतं, आणि झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. खरं तर ही द्रव्यं जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या पेशीही मारतात. नव्या पेशी जेवढ्या रेंगाळतात तेवढा वण ठळक होतो. घरात झालेल्या स्वच्छ लहान जखमेला भरपूर पाणी पुरतं. चहाची पावडर, कॉफी, चुना-तंबाखू, विडीची राख यांचं तर नावच नको.

हळदीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिच्याशी आपलं नातं वेगळं आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं होतं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. परिषदेने या पेटंटला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि 1953 सालचा एक भारतीय वैद्यकीय शोधनिबंध पुरावा म्हणून ठेवला, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांचं ज्ञान कुणाला नव्याने शोधल्याचा दावा करता आला नाही, याचा मला आजही आनंद वाटतो. पण हे ज्ञान जुनं आहे, एवढंच तिथे सिद्ध झालं. मिसळणाच्या डब्यातली हळद जखमेत दाबून भरावी, असा त्याचा अर्थ निघत नाही. त्या वाटीत रोज फोडणीचा चमचा जातो, ओला हात जातो. ती निर्जंतुक नसते. शिवाय वणाच्या दृष्टीने खरी अडचण निराळीच आहे: जखमेच्या दोन कडा एकमेकींना टेकायला हव्यात, आणि आपण मधे पूड भरून त्यांना दूर ठेवतो. माझ्या तर्जनीवरची तांदळाची कणी बहुधा तिथूनच आली. हळद दुधातून घ्या, भाजीत घाला. उघड्या जखमेत नको.

रानात खुरपं किंवा कोयता लागला की दगडी पाला चुरून त्याचा रस पिळतात, त्यालाही हेच लागू. पाल्यात गुण असतील, पण तो बांधावरचा असतो, मातीने माखलेला. आणि धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मातीत आणि शेणातच असतात. ‘गंजका खिळा लागला, इंजेक्शन घे’ हे आपण सगळे म्हणतो, पण गंजाने धनुर्वात होत नाही. खिळ्याला लागलेल्या मातीने होतो. तेव्हा खुरपं नवं कोरं, चकाकतं असलं तरी भीती तेवढीच. शेतात असाल तर सोबतच्या पिण्याच्या पाण्याने आधी जखम धुवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर वेळी बोट कापलं की घ्यावं लागत नाही. लहानपणच्या सगळ्या लसी झालेल्या असतील, तर स्वच्छ छोट्या जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला दहा वर्षं होईपर्यंत काळजी नाही. जखम खोल किंवा माती-शेणाने मळलेली असेल तर ही मुदत पाच वर्षांची. मुलांना सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी हा डोस मिळतो. त्यानंतर बहुतेकांना आपला शेवटचा डोस कधी झाला ते आठवत नाही. तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. आठवत नसेल तर घेऊन टाका.

टाके लागतील का?

घरी निभावण्यासारखी जखम कोणती? जिच्या कडा आपोआप, किंवा हलक्या हाताने जवळ आणल्यावर, एकमेकींना टेकतात. कडा उघड्याच राहत असतील, आत पिवळसर चरबी दिसत असेल, जखम सांध्यावर आडवी असेल, चेहऱ्यावर, पापणीवर किंवा ओठाच्या कडेवरून गेली असेल, तर टाके किंवा डॉक्टरकडचा वैद्यकीय गोंद लागेल. चेहऱ्याच्या बाबतीत ‘एवढ्याशाला काय जायचं’ असं म्हणू नका. सहा ते आठ तासांच्या आत गेलेलं बरं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं की जंतू वाढलेले असतात आणि डॉक्टरांनाही जखम बंद करताना विचार करावा लागतो. बाजारातला झटपट चिकटवणारा गोंद घरी वापरू नका. तो कातडीला गरम चटका देतो आणि आतली घाण आतच बंद करतो.

बोटाच्या जखमेत आणखी दोन गोष्टी तपासा. बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवून आणि सरळ करून बघा. मग डोळे मिटून कापलेल्या जागेच्या पुढच्या भागाला, दोन्ही बाजूंनी, कुणाला तरी हलकेच स्पर्श करायला सांगा. सांधा वळत नसेल किंवा एक बाजू बधिर वाटत असेल, तर आतली शीर किंवा स्नायूबंध कापला गेलेला असू शकतो. बाहेरून जखम एवढीशी दिसते आणि रक्तही थांबलेलं असतं, म्हणूनच ही गोष्ट निसटते. कुत्र्या-मांजराने चावलं-ओरबाडलं असेल तर हा लेख तिथे चालणार नाही: साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. मासे साफ करताना खोल रुतलेला काटा आणि मधुमेही माणसाच्या पायाची कसलीही जखम, हीसुद्धा दाखवायचीच.

कडा जुळण्यासारख्या असतील, तर मेडिकलमध्ये जखम जोडायच्या अरुंद कागदी पट्ट्या मिळतात. त्या घरात असायलाच हव्यात. माझ्या अंगठ्याच्या बुडाशी मी अशा चार लावल्या होत्या. आधी आजूबाजूची कातडी अगदी कोरडी करायची, नाहीतर पट्टी धरत नाही. पट्टीचं एक टोक जखमेच्या एका बाजूला चिकटवायचं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कडा अलगद जवळ आणायच्या आणि पट्टी जखमेवरून आडवी नेत पलीकडे चिकटवायची. पहिली पट्टी मधोमध, मग दोन्ही बाजूंना, मध्ये जरा फट ठेवून. पाझर निघायला वाट हवी. कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, नुसत्या टेकवायच्या. लुगड्याचे दोन पदर जोडताना काठाला काठ लावतात ना, तसं. या पट्ट्या उपटायच्या नाहीत; पाच ते दहा दिवसांत त्या आपल्या आपण सुटतात. एका गोष्टीची काळजी घ्या: बोटाभोवती गोल वेढा पडेल अशी पट्टी लावायची नाही, सूज आली की रक्त अडतं.

काही जखमा कितीही निगा राखली तरी रुंद वण ठेवतात, त्यात तुमची चूक नसते. व्हिएन्नातले शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी 1861 मध्ये प्रेतांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली. कातडी ठरावीक दिशांनी ताणलेली असते, हे त्यावरून कळलं. कपाळावरच्या आठीच्या रेषेत झालेली चीर बारीक भरते. तीच आठीला छेद देऊन गेली तर दोन्हीकडून ओढली जाते. गुडघा, कोपर, खांदा, बोटांचे सांधे इथे ताण सतत बदलतो. म्हणून सांध्यावर कापलं असेल तर आठवडाभर त्या सांध्याला विश्रांती द्या. आइस्क्रीमची चपटी काडी बोटाखाली ठेवून वरून पट्टी गुंडाळली तरी बोट वाकत नाही. पहिले तीन आठवडे जखमेवरचा ताण कमी ठेवणं हा वण बारीक ठेवण्याचा एक फार मोठा उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

जखमेला हवा लागू द्यायची नाही

‘उघडी ठेव, हवा लागली की लवकर वाळेल’ हा सल्ला मी शंभरदा ऐकला आहे आणि स्वतःही दिला आहे. तो चुकीचा आहे. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने 1962 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. डुकरांच्या कातडीवरच्या सारख्याच उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काही प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली.

कारण समजायला सोपं आहे. नवी कातडी जखमेच्या कडांकडून मध्याकडे सरकत येते, आणि तिला सरकायला ओल लागते. उघड्या जखमेवर कोरडी, टणक खपली बनते. मग पेशींना त्या टणक थराच्या खालून वाट काढत जावं लागतं. यात वेळ जातो, आणि खपली निघते तेव्हा तिथे खड्डा राहू शकतो. खपली म्हणजे जखम भरल्याची खूण असं आपण समजतो. खरं तर ती जखम कोरडी पडल्याची खूण आहे. जंतुनाशक पावडर शिंपडायची आपल्याकडे फार सवय आहे. पाझर आणि पावडर मिळून असाच एक कवचासारखा थर होतो, म्हणून मी ती वापरणं सोडलं.

मग लावायचं काय? साधी पांढरी पेट्रोलियम जेली. कापसाने नाही, स्वच्छ बोटाने किंवा इअरबडने, पातळ थर. डबी सगळं घर ओठांना लावतं ती नको. नवी उघडा किंवा ट्यूब घ्या. अँटिबायोटिक मलमाने जखम लवकर भरते असं वाटतं, पण छोट्या शस्त्रक्रियांनंतरच्या स्वच्छ जखमांवर केलेल्या आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, साध्या जेलीने आणि अँटिबायोटिक मलमाने झालेल्या जंतुसंसर्गाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उलट काही मलमांमधल्या निओमायसिनसारख्या औषधांची कित्येकांना ॲलर्जी असते. जागा लाल होते, खाजते, आणि ती चिघळली असं समजून माणूस आणखी मलम चोपडतो.

जेलीवर न चिकटणारं पॅड असलेली पट्टी. या पट्टीची जन्मकथा स्वयंपाकघरातलीच आहे: 1920 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये नोकरी करणाऱ्या अर्ल डिकसन यांची पत्नी स्वयंपाक करताना सारखी बोटं कापून घ्यायची, तिला एकटीला बांधता यावं म्हणून त्यांनी चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले. त्यातून बँड-एड आलं. रोज एकदा पट्टी बदला. ओली किंवा मळकी झाली तर लगेच. जखम रोज साध्या पाण्याने हलके धुवा, टिपून कोरडी करा, जेली लावा, नवी पट्टी. पाच-सात दिवस, किंवा वर सलग गुलाबी कातडी दिसेपर्यंत. चिकटलेली पट्टी ओढू नका, पाण्याने भिजवून सोडवा. ज्या बाईला दिवसभर पाण्यात हात घालावे लागतात तिची अडचण मला कळते. भांडी घासताना, कणीक मळताना बोटावर रबरी टोपी किंवा हातमोजा घाला आणि काम झालं की लगेच काढा. पट्टीखालची कातडी पांढरी, सुरकुतलेली, फुगलेली दिसली, तर ओल जास्त झाली. तेवढा अर्धा तास मोकळं ठेवून मग पुन्हा झाका. ओलावा हवा तो जेलीचा, भांड्यांच्या पाण्याचा नव्हे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायला लागायला हवं. ते उलट वाढलं, ठणका लागला, लाली कडांच्या पलीकडे पसरू लागली, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, तर घरचा उपचार थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चिघळलेल्या जखमेचा वण नेहमीच ठळक असतो.

जखम असताना आंबट खाऊ नये, पू होतो, ही समजूत कितीतरी घरांत अजून आहे. लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व नसेल तर शरीराला कोलॅजेनच नीट बनवता येत नाही. 1740 च्या दशकात इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज ॲन्सन यांच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे याच क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या सैनिकाची नोंद आहे: 1690 च्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा, पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या, पुन्हा उघडल्या. वणातले धागे आयुष्यभर मोडत आणि नव्याने लागत असतात, हे मला या गोष्टीने जेवढं कळलं तेवढं कशाने कळलं नाही. जेवणात डाळ, दूध, अंडी, आणि पानात लिंबाची फोड असू द्या.

मिटल्यानंतर

जखम मिटली की वण गुलाबी-लालसर असतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पुढे तो काळपट पडतो. पुष्कळदा लोक ज्याला वण म्हणतात तो हा काळा डागच असतो, आणि त्याला ऊन जबाबदार असतं. हात-चेहरा उघडाच राहतो, दुचाकीवर मनगटं उन्हात भाजतात. वर्षभर त्या जागेवर बाही, ओढणी किंवा पट्टी. ते जमत नसेल तर निदान तीस एसपीएफचं सनस्क्रीन, बाहेर असताना दोन-दोन तासांनी. डाग आधीच पडला असेल तर सहा-आठ महिन्यांत बहुधा फिका होतो. तो घासून जात नाही. लिंबू आणि सोडा चोळून मी कातडी सोललेली माणसं पाहिली आहेत.

जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, थोडी जेली घेऊन वणावर बोटाने घट्ट दाब देत छोटे गोल फिरवा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. कातडीवरून बोट घसरवायचं नाही, कातडीसकट हलवायचं. वण उंच होऊ लागला आहे असं वाटलं, तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल घ्या. वणासाठी दुकानात मिळणाऱ्या गोष्टींपैकी पैसे खर्चावेत अशी मला एवढीच वाटते. पट्टी दिवसाचे निदान बारा तास, दोन-तीन महिने लावावी लागते, रोज धुऊन. उघड्या जखमेवर ती लावायची नाही. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून लावायची मात्र घाई करू नका. त्याने वण सुधारतो असं दिसलेलं नाही आणि कित्येकांना पुरळ उठतं.

उंच वण दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक घरी ओळखता येतो. एक जखमेच्या हद्दीतच उंच, लाल आणि खाजरा होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत बसू लागतो. दुसरा, केलॉइड, जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरत जातो आणि आपणहून मागे फिरत नाही. कान टोचल्यावर पाळीवर आलेली गुळगुळीत गाठ अनेकांनी पाहिली असेल, ती तीच. छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी आणि जबड्याची कडा या त्याच्या जागा. सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो, आणि घराण्यात चालत येतो. आई-वडिलांना किंवा भावंडांना असेल तर लहान जखमेनंतरही सिलिकॉन लवकर सुरू करा. वण जखमेपेक्षा रुंद होताना दिसला की त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, लहान असतानाच. गाठीत द्यायच्या इंजेक्शनचा उपयोग तेव्हा जास्त होतो. नुसतं कापून काढलं तर केलॉइड पुष्कळदा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो, हे शस्त्रक्रियेला हो म्हणण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या.

साध्या वणासाठी लेझर वगैरेचा विचार वर्षभर तरी करू नका. माझ्या अंगठ्याजवळचा वण चौथ्या महिन्यात चांगलाच लाल आणि टणक होता, आणि मी जवळजवळ निराश झाले होते. अकराव्या महिन्यात तो बसला. आमच्या स्वयंपाकघरात आता चमच्यांच्या खणात एक जुना बिस्किटांचा डबा असतो: गॉजच्या घड्या, कागदी पट्ट्या, न चिकटणाऱ्या पट्ट्या, जेलीची ट्यूब, चिमटा, कात्री, बोटाच्या दोन रबरी टोप्या. तो मुद्दाम खालच्या खणात ठेवला आहे, म्हणजे एक हात उंच धरूनही दुसऱ्या हाताने काढता येतो.